ग्रॅहमसाहेबांना शाल-श्रीफळ

६ एप्रिल

निवृत्तीनंतर दैनंदिनी लिहायची नाही असं ठरवलं होतं. जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत उभी हयात दुसऱ्यांच्या रजा आणि वेतनवाढी लिहिण्यात गेली, आता कशाला पुन्हा लेखणी? पण आज प्रकरणच तसं उद्भवलं आहे.

आमच्या शाल्मलीचा इंग्लंडमधल्या लीड्सहून फोन आला. तिकडे शिकून झालं की काही काळ राहून नोकरी करायला एक व्हिसा देतात. तिचा तो जुलैअखेर संपतो. पुढे राहायचं तर कंपनीने सरकारला लिहून द्यायचं असतं की ही मुलगी आम्हाला कामासाठी हवी आहे. पण तसं लिहून देण्यासाठी कंपनीलाच आधी सरकारी परवाना लागतो. तिच्या कंपनीकडे तो नाही, कारण आजवर त्यांनी बाहेरचं माणूस घेतलंच नाही. मालक ग्रॅहमसाहेब विचार करत आहेत. ते हो म्हणाले तर ती राहणार, नाही म्हणाले तर सामान बांधून परत.

ती अभियंता आहे. पावसाचं पाणी गावाबाहेर कसं घालवायचं याचे नकाशे काढते. इथे यवतमाळात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि आमची लेक तिकडे ते घालवायच्या युक्त्या शोधते. असो, ज्याचं त्याचं नशीब.

माझ्या मते हे साधं प्रकरण आहे. तात्पुरत्या कर्मचाऱ्याला नियमित करणे. अशी कितीतरी प्रकरणं मी हाताळली. त्यातली काही झालीसुद्धा.

सौ. रत्नप्रभा म्हणाली, "हे पाहा, तुम्ही याच्यात पडू नका."

मी पडणार नाही. फक्त मार्गदर्शन करीन.

९ एप्रिल

शाल्मलीला म्हटलं, फाईलची एक प्रत पाठव. ती म्हणाली, "बाबा, फाईल नाही आहे. सगळं ऑनलाईन असते."

फाईलच नाही तर प्रकरण सरकणार कसं? सरकायला काहीतरी हवं की नको? मी हिरव्या पुठ्ठ्याची एक फाईल घरीच उघडली. पहिलं पान म्हणून तिचं पहिलीचं प्रगतीपुस्तक लावलं. वर्तन 'चांगले' आहे. असा शेरा ग्रॅहमसाहेबांना दुसरीकडे कुठे मिळणार?

१७ एप्रिल

ऊन भयंकर. रहमतभाईंच्या दुकानातून नवा कूलर आणला. रहमतभाई माझे जुने स्नेही. कूलर विकतात, दुरुस्त करतात, आणि त्याहून जास्त वेळ गप्पा मारतात.

"कुठं लावायचा, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"शाल्मलीच्या खोलीत."

"पोरगी तर लंडनले आहे ना?"

"लीड्सला."

"तेच ते. मग कूलर कायले? हवा कोण खाणार, कपाट?"

मी त्यांना समजावलं की खोली बंद राहिली की भिंती तापतात. खोलीला रंगही काढून घेतला, फिकट निळा, तिला आवडतो तो. शिवाय इथल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाची प्राध्यापक पाहिजेत ही जाहिरात कापून फाईलला लावली. कळंबच्या एका घरातून मंदार नावाच्या मुलाची पत्रिका आली होती, तीही लावली. केवळ माहितीस्तव.

२ मे

शाल्मलीने माझ्यावर अत्यंत महत्त्वाची जबाबदारी सोपवली. म्हणाली, "बाबा, तुम्हीच करू शकता हे. माझी बालवाडीपासूनची सगळी सर्टिफिकेटं काढा, स्कॅन करा, आणि एकेकावर मराठीत काय लिहिलं ते इंग्रजीत करा. सावकाश करा. घाई नाही."

त्याआधी मायलेकींचं तासभर बोलणं चाललं होतं. रत्नप्रभा फोन ठेवताना हसत होती. बऱ्याच दिवसांनी ती खुशीत दिसली, बरं वाटलं.

१२ मे

सगळी प्रमाणपत्रं भाषांतरित करून पाठवली. लिंबू-चमचा शर्यतीतलं उत्तेजनार्थसुद्धा. शाल्मलीने अंगठा पाठवला. मग म्हणाली, छान झालं, आता हेच सगळं रंगीत स्कॅन करून पाठवा. इंग्लंडचं सरकार फार काटेकोर असावं.

१९ मे

ग्रॅहमसाहेबांचा विचार अजून चालूच आहे. परवान्याची कटकट नको असं त्यांना वाटतं म्हणे.

पस्तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, साहेब विचार करत आहेत याचा अर्थ एकच. साहेबांना कोणी जाऊन भेटलेलं नाही. आमच्याकडे साहेब रुजू झाले की शाल-श्रीफळ, साहेबांची बदली झाली की शाल-श्रीफळ, साहेबांची बदली रद्द झाली की पुन्हा शाल-श्रीफळ. यात लाचबिच काही नाही. शाल अंगावर घेतली की माणसाला समोरच्यावर खेकसणं जड जातं, एवढाच काय तो उपयोग.

आज मी पार्सल केलं. शाल उत्तम प्रतीची घेतली, कारण लीड्सला थंडी असते. कुरिअरवाला नारळ बघून म्हणाला, "काका, याची शेंडी काढा." मी स्पष्ट सांगितलं, शेंडी काढली तर ते श्रीफळ राहत नाही, चटणीचा नारळ होतो. त्याने डोक्याला हात लावला आणि घेतलं.

सोबत इंग्रजीत पत्र जोडलं. 'आमच्या कन्येस आपल्या कृपाछत्राखाली घेतल्याबद्दल हा अल्पसा सत्कार. उचित कार्यवाहीस्तव सविनय सादर.' पत्राची प्रत फाईलला लावली.

रत्नप्रभाला सांगितलेलं नाही. आनंदाचा धक्का देऊ.

४ जून

धक्का बसला. आनंदाचा नव्हे.

ग्रॅहमसाहेबांच्या कंपनीत एक नियम आहे. कोणी काही भेट दिली तर ती जॅनेटबाईंकडे जमा करायची. या जॅनेटबाई तिकडची आस्थापना बघतात, म्हणजे माझ्याच जातकुळीतल्या, आणि तरी असं वागल्या. त्यांनी शाल बाजूला ठेवली, नारळ बाजूला ठेवला, आणि पत्र वाचलं. मुलीला कायम करायचं प्रकरण टेबलावर, तिच्या वडिलांकडून वस्तू, आणि खाली 'उचित कार्यवाहीस्तव'. त्यांनी याचा एकच अर्थ काढला. उद्या सरकारी माणूस तपासणीला आला तर आम्ही काय सांगायचं, असं त्यांनी साहेबांना विचारलं. साहेबांनी परवान्याचा अर्ज थांबवला.

"बाबा, काहून पाठवलं तुम्ही?" शाल्मलीचा आवाज चिरकला होता. "मी मागितलं होतं का? कसंबसं ते हो म्हणायले लागले होते! आता मी त्यांच्यापुढं कोणत्या तोंडानं जाऊ?"

मी म्हणालो, तोंड तेच ठेव, मी दुसरं पत्र पाठवतो.

"नाही!" असं ती आणि रत्नप्रभा एकाच वेळी म्हणाल्या. एक लीड्सहून, एक स्वयंपाकघरातून.

फोन कट झाला. जेवताना रत्नप्रभाने भाकर वाढली. वरण होतं, पण वाढलं नाही. मी मागितलंही नाही.

७ जून

करमेना म्हणून रहमतभाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. ते एका पंख्याचं पोट उघडून बसले होते.

"खोलीले रंग दिला," ते म्हणाले, "कूलर लावला, नोकरीची जाहिरात कापून ठेवली, पोरगा पाहून ठेवला, आणि आता नारळ पाठवून तिथलं कामच बसवलं. नीळकंठभाऊ, खरं सांगा, तुमाले पाह्यजे काय?"

मला प्रश्नच कळला नाही. पोरीला नोकरीत कायम करायला झिजतोय मी, दुसरं काय पाहिजे? त्यांचा चहा न घेताच उठलो. ते मागून म्हणाले, "साखर कमी टाकली होती, भाऊ!" तरी थांबलो नाही.

११ जून

आज माझी सुनावणी झाली.

शाल्मलीनेच साहेबांना सुचवलं म्हणे की वडिलांना समोर विचारा, लपवण्यासारखं काही नाही. दुपारी कॉम्प्युटरपुढे बसलो. कोट घातला. रत्नप्रभा म्हणाली, "एवढ्या गर्मीत कोट घालून राह्यले, घेरी आली तर?" पण बिनकोटाच्या माणसावर गोरा साहेब विश्वास कसा ठेवेल? नवा कूलर माझ्यावर रोखून लावला, तर साहेब म्हणाले की तिकडे वादळ आहे का. बंद केला.

चौकटीत तिघं होते. ग्रॅहमसाहेब गोलमटोल, चेहरा बरा. जॅनेटबाई ताठ. आणि आमची शाल्मली एका कोपऱ्यात, मान खाली घालून. किती वाळली आहे पोर.

बाईंनी विचारलं, भेटवस्तूच्या बदल्यात तुमची काय अपेक्षा होती?

मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, "काहीही नाही. सत्कारमूर्तीने फक्त खुर्चीवर बसून भाषणं ऐकायची असतात. आम्ही इथे निवृत्त होणाऱ्याला शाल देतो, दहावी पास झालेल्याला देतो, एकदा तर चुकून हॉलच्या मॅनेजरलाच दिली. त्यांच्याकडून आम्हाला काय मिळणार?"

"पण तुम्ही योग्य ती कार्यवाही करा असं लिहिलं आहे."

"बाई, ते मी प्रत्येक पत्राखाली लिहितो. हात आपोआप लिहितो."

पडद्याबाहेरून रत्नप्रभा मराठीत ओरडली, "माझ्या भावाच्या लग्नाच्या पत्रिकेले उत्तर धाडलं होतं, त्याच्या खाली पण हेच लिहिलं! अजून हसतात लोकं!" शाल्मलीने ते भाषांतर करून सांगितलं. ग्रॅहमसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं की मुलीला इथे ठेवून घ्यावं म्हणूनच तुम्ही हे दिलंत, असं कोणी म्हटलं तर त्याचं खंडन कसं कराल?

एक तर उकाडा, त्यात कोट, त्यात तोच तोच प्रश्न. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "बाई, मला लाच द्यायचीच असती तर मी ती तिला परत पाठवायला दिली असती! ठेवून घ्यायला कोण बाप देतो?"

पडद्यावरचे तिघंही हलेनात. आधी वाटलं इंटरनेट गेलं.

मग ग्रॅहमसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, माझी मुलगी ऑस्ट्रेलियात असते. एवढंच म्हणाले. जॅनेटबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. शाल्मलीने मान वर केली होती आणि ती माझ्याकडे बघत होती. ती अशी कधी बघत नाही.

शेवटी साहेबांनी विचारलं, नारळ फोडायचा असतो का? बाई म्हणाल्या, काहीही फोडायचं नाही, सगळं परत जाईल.

१२ जून

रात्रभर तेच डोक्यात. काल मी वैतागून बोललो असं समजत होतो. तसं नव्हतं. ते खरंच होतं. मला पोर घरी हवी आहे. सकाळी निळ्या खोलीत जाऊन बसलो. कूलर मीच लावला आणि मीच हवा खाल्ली. रहमतभाईंकडे जाऊन त्या दिवशीचा राहिलेला चहा पिऊन आलो. फाईलमधून जाहिरात आणि मंदारची पत्रिका काढून टाकली.

रत्नप्रभाने वरण वाढलं.

२७ जून

दोन बातम्या. ग्रॅहमसाहेबांनी परवान्यासाठी अर्ज केला. जॅनेटबाईंनीच तो लवकर निकाली काढण्याच्या रांगेत लावला म्हणे. आस्थापनेचं माणूस शेवटी आस्थापनेचंच.

दुसरी, पार्सल परत आलं. नारळ शेंडीसकट शाबूत. शालीची घडी मात्र मोडलेली आहे आणि तिला दाढीनंतर लावतात तसल्या अत्तराचा वास येतो. बाईंचं लक्ष नसताना साहेबांनी ती अंगावर घेऊन बघितली, हे मी शपथेवर सांगू शकतो.

२१ जुलै

कंपनीला परवाना मिळाला. शाल्मलीने नव्या व्हिसाचा अर्जही भरला, जुना संपण्याआधीच. आता निकाल येईपर्यंत तिने देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर अर्ज मागे घेतला असं धरतात, आणि सगळं मुसळ केरात.

"म्हणून या वर्षी गणपतीत मी नाही येऊ शकत, बाबा," ती म्हणाली.

मी म्हणालो, "ठीक आहे, नियम म्हणजे नियम." आवाज मी बराच ताब्यात ठेवला होता असं मला वाटतं. रत्नप्रभाला तसं वाटत नाही.

२८ जुलै

डाव्या हाताने लिहितो. अक्षराबद्दल क्षमस्व.

काल नळ आला होता. गच्चीवर टाकी भरते की नाही पाहायला गेलो. शेवाळावरून घसरलो. उजवा हात मोडला. कोपरापर्यंत प्लास्टर.

दवाखान्यातच रत्नप्रभाने शाल्मलीला लावायला फोन काढला. मी तो डाव्या हाताने झाकला. म्हटलं, "नको. ती पोर विमानात बसेल. अर्ज जाईल."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही म्हणून राह्यले हे?"

"हो."

तिने फोन पिशवीत टाकला. लग्नानंतर माझा एखादा निर्णय तिने जसाच्या तसा मान्य करण्याची ही पहिलीच वेळ.

३ ऑगस्ट

आज रविवार. शाल्मली रविवारी व्हिडिओ कॉल करते आणि मी बोलताना हात हलवतो हे तिला पक्कं ठाऊक. हात हलला नाही तर तिला संशय येणार. मी चेहराच दाखवेन असं म्हटलं, तर रत्नप्रभा म्हणाली चेहऱ्यावर सगळं दिसते तुमच्या.

रहमतभाईंनी मार्ग काढला. मी खुर्चीत बसलो, परत आलेली शाल अंगभर पांघरली, प्लास्टर आत. रहमतभाई खुर्चीमागे उकिडवे बसले आणि शालीखालून त्यांनी स्वतःचा उजवा हात बाहेर काढला. म्हणजे बोलणार मी, हातवारे त्यांचे.

सुरुवात बरी झाली. मी पाण्याची टाकी म्हणालो की हात टाकीएवढा व्हायचा. मग रहमतभाईंना उत्साह चढला. मी म्हणालो, "तब्येत उत्तम आहे," तर हाताने माझ्या छातीवर थापा मारल्या. मी म्हणालो, "काळजी करू नको," तर हाताने माझी मिशी पिळली. तीही उलट्या बाजूची.

"बाबा," शाल्मली म्हणाली, "तुम्ही अंगठी कधीपासून घालायले लागले?"

रहमतभाईंच्या बोटात फिरोजाची अंगठी. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"रहमतभाईंनी भेट दिली," मी म्हणालो.

"आणि शाल? गर्मीत?"

"थंडी आहे थोडी."

"ताप आहे का? आई, बाबाले ताप आहे का? कपाळाले हात लावून पाहा बरं!"

आई पुढे यायच्या आत शालीतल्या हातानेच माझ्या कपाळाला हात लावला, आणि 'नाही' अशी बोटं हलवली. रत्नप्रभा पदर तोंडात कोंबून आत पळाली. मी चार्जिंग संपलं असं सांगून बंद केलं.

रहमतभाई म्हणाले, "भाऊ, गुडघे गेले माझे, पण जमलं की नाही?"

१८ ऑगस्ट

अजून निकाल नाही. पोर म्हणते, मन लागत नाही, घरी यावंसं वाटते. मी सांगतो, अजिबात येऊ नको, इथे काय ठेवलं आहे? मग फोन ठेवतो आणि दिवसभर चिडचिड करतो. प्लास्टरच्या आत खाज सुटते. रत्नप्रभाची विणायची सुई घालून खाजवतो. ती रागावते.

२६ ऑगस्ट

निकाल आला.

संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल. आज ठरलेला वार नव्हता, म्हणून रहमतभाई नव्हते. मी शाल तेवढी ओढून बसलो. ती ओठ दाबून रडतेय की हसतेय तेच कळेना. मग ओरडली, "बाबा, झालं! मिळाला व्हिसा!"

मी दोन्ही हात वर केले. दोन्ही.

शाल खाली पडली. प्लास्टर दिव्याखाली झळाळत होतं. त्यावर रहमतभाईंनी 'लवकर बरे व्हा' असं लिहून बाजूला कूलरचं चित्र काढलं आहे, तेही दिसलं.

"हे काय आहे?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "काही नाही."

"बाबा, हात मोडला तुमचा? कधी?"

रत्नप्रभाने सांगून टाकलं. टाकी, शेवाळ, शालीतला हात, सगळं. पोरीचं तोंड उघडंच राहिलं. "महिना झाला? काहून नाही सांगितलं मले?"

"सांगितलं असतं तर तू आली असती," मी म्हणालो.

"आलीच असती!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

ती रडायलाच लागली. मीही रडलो. लपवायला शाल होती, पण ती खाली पडलेली आणि वाकून उचलायला हात एकच. व्हिसा मिळाल्याचा आनंद झाला, अगदी खरा झाला, आणि आता ती तिकडचीच होणार म्हणून वाईटही तितकंच वाटलं. दोन्ही एकदम होतं हे मला आजवर माहीत नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती नाक पुसत म्हणाली, "आता तर बाहेर जायची बंदी नाही. साहेबांले विचारलं मी. ते म्हणाले, जाऊन ये बापाकडं. दिवाळीले येऊ का, बाबा?"

आधी रजा रीतसर मंजूर करून घे, भाडं बघ, उगाच दगदग करू नको, असं बरंच सांगायचं होतं. पण मी नुसती मान हलवत राहिलो.

"काय म्हणून राह्यले बाबा?" तिने विचारलं.

रत्नप्रभा माझ्या खांद्यावरून पडद्यात डोकावली. "ये म्हणून राह्यले," ती म्हणाली.